आमची लाईट सारखी जातेय

शनिवारी सकाळी दुकानाचं कुलूप उघडून अजून हातातच होतं, तेवढ्यात फोन वाजला.

"वायरवाले ना?"

"बोला."

"मी वखारीच्या मागून बोलतेय. सुतारांच्या घरून. अहो, आमची लाईट सारखी जातेय. लवकर या."

आता सांगा, माझा धंदा काय? इंटरनेटच्या वायरी ओढायच्या, बंद पडलेले कॉम्प्युटर चालू करायचे. लाईटीशी माझा काय संबंध? नि लाईट गेली म्हणजे काय गेलं, हे शेंबडं पोरही सांगेल. वीज गेली. दिवा बंद, पंखा बंद, उकाडा चालू.

"बाई, लाईट गेली तर वीजवाल्यांना फोन करा. मी इंटरनेटचा माणूस."

"त्यांचा माणूस कालच येऊन गेला. म्हणाला, लाईट आहे."

"मग आहे ना?"

"आहे हो. पण जाते!"

"पंखा चालतोय का?"

"चालतोय की."

"मग कुठे जाते?"

"जाते नि येते. मला नाही दिसत, आमच्या ह्यांना दिसतं."

म्हटलं, झालं. सकाळी सकाळी कोणीतरी डोकं खायला बसलंय. बघतो म्हणालो नि ठेवून दिला. अकरा वाजता परत तोच फोन. तेव्हा मी एका दवाखान्यात शिडीवर चढलेलो, तोंडात दोन खिळे. हूं हूं केलं नि ठेवला. एक वाजता तिसऱ्यांदा. या वेळी बाईंचा आवाज भरून आलेला.

"हे बघा, चार वाजता माझ्या मुलीचा फोन यायचाय, कॉम्प्युटरवर. आज जर लाईट गेली ना, तर ती पुन्हा फोन करणार नाही. कधीच नाही. तीनदा सांगितलं तुम्हाला. तुम्ही माणूस आहात की दगड?"

दगड म्हणून घेतल्यावर जावंच लागतं. हातातलं काम निम्मंअर्धं उरकलं, दुकानात आलो. माझ्या दोन पिशव्या असतात. एक लाईटीची: टेस्टर, फ्यूजची तार, चिकटपट्टी. ही शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी. दुसरी धंद्याची: तिच्यात वायरीच्या टोकाला बसतात ते जॅक, केबल, जॅक दाबायची पक्कड. बाई तीनदा लाईट लाईट म्हणाल्या होत्या. मी लाईटीची पिशवी घेतली नि दुसरी खुंटीवर तशीच लटकत ठेवली. ती खुंटी पुढे दोन तास माझ्या डोळ्यांसमोर नाचत होती.

पोचलो तेव्हा तीनला दहा कमी. वखारीमागे एक बैठं घर, पुढे कामाची खोली, मागे स्वयंपाकघर. कामाच्या खोलीत पाय ठेवला तर पायाखाली लाकूड. सगळ्या खोलीला फळ्यांची जमीन, तीही जमिनीपासून वीतभर उचललेली. चाललं की ढोलावरून चालल्यासारखं वाटे. कोपऱ्यात एक देखणं टेबल, त्यावर मोठा पडदा, नि टेबलाखाली कॉम्प्युटर, तो पण लाकडी पेटीत बसवलेला. पेटीला सांधा कुठे आहे ते शोधून सापडेना.

बाई साठीच्या. काकूच म्हणू आपण. काका रंध्यावर वाकलेले, कानामागे चपटी पेन्सिल. मी आपला नेहमीच्या जोरात म्हणालो, "काय काका, कुठे जाते तुमची लाईट?"

काकांनी वर पाहिलं. माझ्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे.

"त्यांना ऐकू येत नाही," काकू म्हणाल्या. "जन्मापासून. हातांनी बोलतात."

नि मी काय करावं? तेच वाक्य दुप्पट जोरात म्हटलं. असतो माणूस असा. काकू हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

मी टेस्टर काढला. बटणांचा बोर्ड उघडला, फ्यूज बघितला, एकेक प्लग हलवून बघितला. पंधरा मिनिटं. सगळं ठणठणीत. "काकू, लाईट आहे," मी म्हणालो. कालच्या माणसासारखंच.

काकांनी रंधा खाली ठेवला. माझं मनगट धरलं. हात कसला, शिकंजा. ओढत टेबलाकडे नेलं, गुडघ्यावर बसवलं, कॉम्प्युटरच्या पाठीमागे बोट दाखवलं. तिथे वायर आत शिरते त्या भोकापाशी एक हिरवी टिकली लुकलुकत होती. काकांनी पाचही बोटं उघडझाप केली, लुकलुक, लुकलुक. मग मूठ घट्ट मिटली. गेली.

"ही लाईट?"

"हीच की!" काकू म्हणाल्या. "मी सकाळपासून दुसरं काय सांगतेय?"

कपाळावर हात मारला मी. ती टिकली म्हणजे कॉम्प्युटरची नाडी. ती लुकलुकते तोवर लाईन जिवंत. ती विझली की बाहेरच्या जगाशी संबंध तुटला. म्हणजे काम माझंच होतं, सकाळपासून माझंच होतं, नि हत्यारं खुंटीवर. जाऊन यायचं तर तास. घड्याळात तीन वाजून सात मिनिटं. म्हटलं, आधी दुखणं तर सापडू दे. कदाचित हत्यार लागणारही नाही.

"कधी जाते?"

"मुलगी फोनवर आली की."

"तेव्हाच?"

"एरवी पण जाते म्हणतात हे. पण मुलगी आली की नक्की जाते."

मी बसलो खुर्चीवर. एक जुनी युक्ती असते आमची. कॉम्प्युटरला सांगायचं, बाहेर सारखी हाक मारत राहा, नि पलीकडून ओ आली की एक ओळ लिही. ओळी पडत राहिल्या की लाईन धड. ओळ चुकली की तुटली. लावून दिलं. ओळीवर ओळ, ओळीवर ओळ. एक चुकेना.

माझ्या मागे काकूंना उभं राहवेना नि बसवेना. टेबलावरची धूळ पुसत होत्या, धूळ नव्हती तरी. पुसता पुसता बोलत होत्या.

मुलगी एकुलती. तिला ऐकू येतं. बोलायला लागली तशी बापाचे कान झाली. गिऱ्हाईक आलं की ही मध्ये, लाकडाचा व्यापारी आला की ही मध्ये, डॉक्टरकडे ही मध्ये. काका तिचं नाव हातांनी घेतात ते स्वतःच्या कानाची पाळी ओढून. वीस-बावीस वर्षं असं चाललं. मग तिला लांब नोकरी लागली, समुद्रापलीकडे. जायच्या आधी तिने हा कॉम्प्युटर घेऊन दिला, मोठ्या पडद्याचा, बापाला हात नीट दिसावेत म्हणून.

"नि निघायच्या दिवशी ह्यांनी पाठ फिरवली," काकू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे पाठ फिरवली. ती दारात उभी, बॅग हातात, नि हे तिकडे तोंड करून रंधा मारतायत. तुमच्या-माझ्यासारख्याने पाठ फिरवली तरी कानावर शब्द पडतो. ह्यांनी पाठ फिरवली म्हणजे दार बंद. ती अर्धा तास उभी होती हो."

सहा महिने पोरीने तोंड दाखवलं नाही. मग मागच्या महिन्यात तिचा राग उतरला नि तिने शनिवारी चारला फोन लावला. दोघं समोरासमोर आले. पाच मिनिटं झाली नसतील, काकांचा चेहरा ताठ झाला, ते पुढे वाकले, नि पडदा काळा. पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारीही.

"तिला वाटतं, हे वाकून बटण दाबतात. यांना वाटतं, तीच तोडते. मी दोघांना सांगून दमले. तिला सांगितलं तर म्हणते, आई तू नेहमी बाबांची बाजू घेतेस. यांना सांगितलं तर डोळे मिटून घेतात. बोला आता भिंतीशी! काल तिने कळवलं, उद्या शेवटचं. उद्या बाबांनी तोडलं तर मी समजेन त्यांना मी नकोय."

"माझ्या मोबाईलवरून लावू या का?"

माझा मोबाईल काकांना दाखवला. त्यांनी तो एका हातात धरला, दुसरा हात हवेत हलवला, नि माझ्याकडे असं बघितलं की मला कळलं. एका हाताने फोन धरायचा तर बोलायचं काय, अर्धं अर्धं? मी म्हटलं टेकवून ठेवू. पण वखारीच्या आड त्या खोलीत मोबाईलला रेंज एक काडी, तीही माझी कीव करून आलेली. माझ्या पुतण्याला लावून बघितलं तर त्याचं तोंड चौकोन चौकोन होऊन थिजलं. ठेवला खिशात.

ओळी पडतच होत्या. मी उठलो, पुढच्या दाराजवळ राउटर होता तो बघितला. बंद करून चालू केला. वायर एका भोकातून काढून दुसऱ्यात घातली. कॉम्प्युटर झोपेत लाईन सोडतो का, ते बघून ती सोय बंद केली. वायर भिंतीच्या कडेने हाताने चाचपत आलो. काकांनी ती स्वतः ठोकून घेतली होती, रेषेसारखी सरळ, पेटीपर्यंत, एक बोटभरही ढील न ठेवता. कुठे उंदराचा दात नाही, कुठे पीळ नाही. परत बसलो. ओळीवर ओळ. हिरवी टिकली लुकलुकतेय, जसं काही तिला कधी सर्दीसुद्धा झाली नाही.

माझा फोन वाजला. दवाखान्यातून. "अर्धवट टाकून कुठे गेलात?" आलो म्हणालो. परत वाजला. उचलला नाही.

साडेतीन. दाताच्या डॉक्टरकडे गेलं की दात दुखायचा थांबतो, तसली गत. "काकू, राउटर बंद-चालू केल्याने सुटलं असेल. आता नाही जायची." पिशवी उचलली, निघालो. फाटकापर्यंत गेलो नसेन, मागून काकू धावत.

"गेली! गेली हो!"

पळत आत. टिकली लुकलुकतेय. ओळींमध्ये मात्र एक खिंडार. चार ओळी गायब.

"काय केलंत?"

"काही नाही. तुम्ही गेलात म्हणून ह्यांना सांगितलं."

परत बसलो. पाच मिनिटं. एक ओळ चुकेना. हे मशीन मला ओळखतंय की काय? काका रंध्यापाशी उभे, पण रंधा मारत नव्हते. हातातल्या फळीची कड अंगठ्याने चाचपत होते, परत परत, तीच कड. माणूस इतका ताठ उभा मी कधी बघितला नाही.

तीन चाळीस. काकू स्वयंपाकघरात गेल्या होत्या. तिथून दारात आल्या, दोन्ही हातांत चहाचे कप. काकांची पाठ त्यांच्याकडे. काकूंनी क्षणभर वाट बघितली, नि मग सवयीने टाच आपटली. धप्.

फळ्यांतून ती थाप माझ्या पायांत आली, खुर्चीत आली. काका वळले. नि माझ्या पडद्यावर तीन ओळी चुकल्या.

मी खुर्चीवरून उडालोच. "काकू! आता काय केलंत?"

काकू लाजल्या. "माफ करा हं. मघापासून आवरत होते. नवखा माणूस घरात, त्याच्यासमोर बाईने पाय आपटायचे म्हणजे... पण ह्यांना हाक मारायची दुसरी रीत नाही. ह्या फळ्या त्यासाठीच घातल्यात. थाप मारली की ह्यांच्या पायाला कळतं."

"परत आपटा."

"अहो चहा..."

"चहा ठेवा! आपटा!"

धप्. टिकली विझली. एक, दोन, तीन, परत लागली. धप्. विझली.

मी टेबलाखाली घुसलो. जॅकला बाहेरून एक छोटं प्लास्टिकचं लॉक असतं, जीभ म्हणा. आत घातलं की टक् करून बसतं, मग वायर कोणी ओढली तरी निघत नाही. मी बोटाने चाचपलं. लॉक नाही. मोबाईलचा उजेड मारला. लॉक मोडलेलं नव्हतं, कापलेलं होतं. नि असं सफाईने कापलेलं की मोडलंय म्हणायची हिंमत होऊ नये. जागा तासून, घासून गुळगुळीत.

"हे कोणी केलं?"

काकूंनी हातांनी विचारलं. काकांनी हातांनी सांगितलं, जरा अभिमानानेच.

"म्हणतात, पेटीच्या भोकातून जाताना ते कुसळ अडकत होतं. फालतू होतं म्हणून पटाशीने उडवलं."

तीस वर्षांत मी सगळं बघितलंय. उंदरांनी कुरतडलेलं, कुत्र्याने चावलेलं, नवऱ्याशी भांडून बायकोने कात्रीने कापलेलं. पटाशीने लॉक तासणारा माणूस पहिलाच. जॅक नुसता भोकात उभा होता, देवाच्या भरवशावर. एक थाप बसली की केसभर मागे सरकायचा, टिकली विझायची. महिनोन् महिने हलून आतल्या पट्ट्याही सैल झालेल्या.

"पण मुलीच्या फोनच्या वेळी कोण पाय आपटतं?"

काकू काकांकडे वळल्या. "हेच," त्या म्हणाल्या. "ती बोलता बोलता खाली बघते. मान खाली घातली की हे हाक मारतात. इथे बघ, म्हणून. ती लहान होती तेव्हापासून. ती रुसून दुसरीकडे बघायला लागली की हे असा पाय..."

समुद्रापलीकडच्या पोरीला हा माणूस फळीवर पाय आपटून हाक मारत होता. नि ती हाक जात होती फक्त जॅकपर्यंत.

पण थांबायला वेळ होता कुठे? तीन सत्तेचाळीस. नवा जॅक हवा, पक्कड हवी. दोन्ही खुंटीवर. कागदाची घडी करून पाचर मारली, काकूंना म्हटलं आपटा. गेली. चिकटपट्टी गुंडाळली, आपटा. गेली. पेटीसकट कॉम्प्युटर उचलून पलंगावर ठेवावा म्हटलं तर वायरीला ढील नाही, नि काकांनी ती ठोकलीय अशी की उपटायला अर्धा दिवस.

"काकांना सांगा, आज पाय आपटायचा नाही."

सांगितलं. काकांनी मान हलवली. कळलं म्हणाले.

"कळलं म्हणतात," काकू हळूच म्हणाल्या, "पण त्यांच्या हातात नाही ते. पापणी लवू देऊ नका म्हटल्यासारखं आहे."

त्यांनी एक उशी आणून काकांच्या पायाखाली ठेवली. काकांनी ती बघितली, नि पायाने लोटून दिली. म्हणजे अपमान झाला.

चारला चार कमी. राहिलं काय? मी. टेबलाखाली आडवा झालो, उजवा हात पेटीच्या मागे घालून जॅक अंगठ्याने आत दाबून धरला, डाव्या हातावर भार टेकला. मान वाकडी, नाकात लाकडाचा भुसा. काका येऊन खुर्चीवर बसले. माझ्या तोंडासमोर त्यांचे दोन बूट, जाड टाचांचे.

वर घंटी वाजली. काकूंनी श्वास घेतलेला मला खाली ऐकू आला.

मग काहीच नाही. तुम्हाला सांगतो, असा फोन मी उभ्या जन्मात ऐकला नाही. दोघं बोलत होते नि आवाज नव्हता. कधी बाहीची सळसळ, कधी पलीकडे खुर्ची करकरायची, बस्स. भांडतायत की रडतायत, काय कळणार? मला फक्त बूट दिसत होते. डावा बूट फळीवर चिकटलेला, उजव्याची टाच वर-खाली, वर-खाली, शिवणयंत्रासारखी. मी जॅक दाबतोय. हात आत्ताच मुंग्यांनी भरलेला. एक मिनिट. दोन. तीन.

उजवी टाच थांबली. वर गेली. मला दिसलं, पण हात काढायला जागा कुठे?

धप्. माझ्या डाव्या हातावर.

"आई गं!"

पलीकडून आवाज आला, बाईमाणसाचा, कोरडा, घाबरलेला. "आई? आई, काय झालं? तुला लागलं का?"

"मी इथे आहे गं, मला काही नाही," काकू म्हणाल्या.

"मग आई गं कोण म्हणालं?"

"मी!" मी खालून ओरडलो. "वायरवाला! टेबलाखाली आहे!"

"टेबलाखाली काय करताय?"

"तुझ्या बापाचा पाय नि तुझी लाईन, दोघांच्या मध्ये पडलोय!" वेदनेने माझी भीड चेपली होती. "बाई, तो माणूस तोडत नाहीये. मशीनच्या मागचा जॅक सैल आहे. ते पाय आपटतात, फळी हादरते, लाईन जाते. आत्ताही आपटला, मी हाताने धरलंय म्हणून तू दिसतेयस!"

मग, "खोटं. मी बघितलंय ना. ते पुढे वाकतात. बटण दाबायला वाकतात."

"बसल्या जागेवरून पाय आपटून बघ तू. जोरात. वाकावं लागतं की नाही बघ!"

वर काही हालचाल नाही. मला वाटलं, गेली पोर, कंटाळली, ठेवला तिने. तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला. धप्. लांबचा, पोकळ. परत एकदा. धप्.

"हो," ती म्हणाली. आवाज बदलला होता. "वाकावं लागतं."

"तू खाली बघितलंस की आपटतात ते. तुझी आई म्हणते."

"मला रडू आलं की मी खाली बघते," ती म्हणाली. "त्यांना दिसू नये म्हणून."

मी जॅक दाबला.

मग परत ती शांतता. पण बाह्या आता जोरजोरात सळसळत होत्या. खुर्ची पुढे सरकली, मागे सरकली. एकदा काकांच्या घशातून एक आवाज निघाला, शब्द नसलेला, रंधा गाठीवर अडकतो तसा. मी बुटांवर नजर ठेवून होतो. उजवी टाच उचलली गेली. मी डोळे मिटले. काही आदळलं नाही. डोळे उघडले तर टाच हवेत तशीच, थरथरतेय. मग हळूच, चोरासारखी, खाली टेकली.

"वायरवाले," पोरगी मोठ्याने म्हणाली, "बाबा विचारतायत, बोट मोडलं का?"

"नाही मोडलं. पण त्यांना म्हणावं, पुढची थाप माझ्या पायावर मारा, हा हात धंद्याचा आहे."

ती हसली. हातांनी काकांना सांगितलं असणार, कारण त्यांची खुर्ची हलली.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. खांद्यापासून खालचा हात माझा राहिला नव्हता. खिशात फोन थरथरत होता, दवाखाना असणार. मी दोनदा विचारलं, "झालं का?" एकाला ऐकू येत नव्हतं नि दुसरीला ऐकायचं नव्हतं. मग काकू गुडघे मोडत मोडत खाली आल्या.

"उठा तुम्ही. दाखवा कुठे धरायचं."

"काकू, तुम्ही बोला ना तिच्याशी."

"मी कधीही बोलेन. माझ्याशी कोण भांडलंय? आज त्यांचं होऊ दे. कुठे दाबायचं, इथे?"

त्यांचा अंगठा जॅकवर बसवला, माझा काढला. मधल्या क्षणात टिकली विझते की काय म्हणून जीव गेला. विझली नाही. बाहेर सरपटलो, टेबल धरून उभा राहिलो. पडद्यावर पंचविशीतली पोर, केस कसेही बांधलेले, नाक लाल. दोघांचे हात असे चाललेले की कोण बोलतंय नि कोण ऐकतंय ते कळेना. मला एक अक्षर समजलं नाही. सरळ दुकानाकडे सुटलो.

खुंटीवरची पिशवी घेतली, दवाखान्यात फोन करून शिव्या खाल्ल्या, परत आलो. सव्वापाच. ते तसेच बसलेले. काकू टेबलाखाली तशाच, आता भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून.

मी नवा जॅक नि पक्कड वर धरून पोरीला दाखवली. "हे बसवतो. पुन्हा जायची नाही, वाटलं तर घोडे नाचवा त्या फळ्यांवर. फक्त दोन मिनिटं लाईन तोडावी लागेल."

तिने बापाला हातांनी सांगितलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. पक्कडीकडे पाहिलं. मग पडद्यावर पोरीकडे पाहिलं, नि ती काय म्हणते याची वाट न बघता माझ्याकडे वळून मान हलवली. नाही.

"दोनच मिनिटं, काका."

नाही. नि हाताने दाखवलं, बस.

"तोडू नका म्हणतात," टेबलाखालून काकू म्हणाल्या. "मला इथे बरं आहे."

आता मला कुठे बसवतं? पण बसलो. दाराच्या उंबऱ्यावर, मांडीवर पक्कड, गार चहाचा कप हातात. सात वाजेपर्यंत.